अकरा जर्मन आणि माझे एकवीस मार्क

हसणार नाही असं आधी कबूल करा. आणि तो कप खाली ठेवा, अंगावर सांडाल. नोकरीसाठी लोकांनी नाना तऱ्हेचे अर्ज केले असतील, पण मी केला तसला अर्ज शहाण्या माणसाने केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

साल एकसष्ट. मी तेव्हा र्युसेल्सहाइमला मोटारींच्या कारखान्यात शिकाऊ होतो. वय बावीस. वजन चोपन्न किलो, त्यातले चार किलो ओव्हरकोटाचे.

जर्मनीला मी हौसेनं गेलो नव्हतो हो! मी खडकवासल्याला जायचा होतो, लष्करी अधिकारी व्हायला. पण त्या परीक्षेत आपटलो. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा गणितात शंभरापैकी एकोणीस, दुसऱ्यांदा एकवीस. "प्रगती आहे की," आई म्हणाली. आबांनी दाढी केली नाही. तीन दिवस.

आबा म्हणजे आमचे वडील. सुभेदार बाबाजी माने, पेन्शनीतले. गाव साताऱ्याकडचं, घरटी एक माणूस पलटणीत. आबांनी सत्तावीस वर्षं नोकरी केली, मोठ्या लढाईत इटलीपर्यंत जाऊन आले, आणि सगळा वेळ मिसरूड न फुटलेल्या लेफ्टनंटांना सॅल्यूट ठोकत राहिले. त्यांची एकच इच्छा होती. ओसरीवर बसून येईल-जाईल त्याला सांगायचे, "एकदा माझ्याच पोराला सॅल्यूट ठोकायचाय. मग डोळं मिटलं तरी चालंल."

आणि पोराला गणितात एकवीस. मग कसला सॅल्यूट? मी मेकॅनिकचा कोर्स केला, एका साहेबांची चिठ्ठी मिळवली आणि जहाजात बसलो. बंदरावर आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. जिथं अधिकाऱ्याचे तारे लागतात ना, नेमका तिथं. तो हात मला पुढे दोन वर्षं जाणवत होता.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

माझ्या शेजारच्या मशीनवर ओटो नावाचा फिटर होता. पन्नाशीचा, तोंडावरची माशी न हलणारा. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो चक्क खुशीत दिसला. मला म्हणाला, "माझ्या पीटरचा निकाल लागला. गणितात दोन!"

मला भडभडून आलं. शंभरात दोन, आणि बिचारा बाप वरवर हसतोय! शेवटी समदुःखी माणूस! मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे ओटो. पोराला मारू नकोस. मलाही पहिल्यांदा एकोणीसच होते."

ओटो माझ्याकडे बघतच राहिला. "का मारू? दोन म्हणजे उत्तम. एक म्हणजे सर्वांत उत्तम. सहा म्हणजे डोक्यात बटाटा."

"म्हणजे आकडा जितका लहान, तितका मुलगा हुशार?"

"गेनाऊ. अगदी बरोबर."

माझा घास हातातच राहिला. अहो, उभ्या आयुष्यात मी कमी मार्कांच्या पायी बोलणी खाल्ली, आणि इकडे एक अख्खा देश कमी मार्कांची कदर करत बसला होता! आणि मला कोणी सांगितलं नाही!

त्याच आठवड्यात स्टेशनवर एक जाहिरात दिसली. जर्मनीचं नवं लष्कर उभं राहत होतं, त्यांना अधिकारी व्हायला तरुण हवे होते. त्यांच्या अधिकारी-शाळेत अर्ज करा म्हणे. मी ती जाहिरात तीनदा वाचली आणि ओटोला विचारलं, "मी करू का?"

"जरूर कर," ओटो सँडविच चावत म्हणाला. "त्यांना कोणी मिळत नाही. तुला नक्की घेतील."

ओटोचा विनोद आणि ओटोचं दुःख, दोन्ही वेळेला त्याचा चेहरा एकच असतो, हे मला पुढे कळलं.

तुम्ही म्हणाल, अरे येड्या, दुसऱ्या देशाच्या लष्करात तुला कोण घेणार? हा प्रश्न मला पडला होता, अगदीच नाही असं नाही. पण मी म्हटलं, आबा इंग्रजांच्या पलटणीत होते, ते काय इंग्रज होते? तसं आपण जर्मनांच्या. शिस्त तीच, बूट तेच. आहे काय आणि नाही काय!

फॉर्म भरायला बसलो. नाव, गाव, उंची. पुढे रकाना आला, परीक्षेतले गुण. मी शंभरातल्या आकड्यांना दहानं भागलं. गणित एकवीस, म्हणजे दोन पूर्णांक एक. उत्तम! सामान्य ज्ञान चौतीस, म्हणजे तीन पूर्णांक चार. ठीक. इंग्रजीत मात्र मला अठ्ठावन्न होते. पाच पूर्णांक आठ. जवळजवळ डोक्यात बटाटा. उगाच अभ्यास केला इंग्रजीचा, असं मनापासून वाटलं.

आता अर्ज म्हटला की तो कसा हवा? जाड! हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. बारीक अर्जाकडे साहेब बघत नाही. येताना मी ट्रंकेत शिक्के मारून आणलेल्या खऱ्या नकलांचा गठ्ठाच आणला होता. इंग्रजीत एक पत्र लिहून त्याला सगळा जोडला. जन्माचा दाखला, देवी काढल्याचा दाखला, हेडमास्तरांनी दिलेला चांगल्या वर्तणुकीचा दाखला, तालुक्याच्या कुस्तीत भाग घेतल्याचं प्रमाणपत्र. हरल्याचं त्यात लिहिलेलं नव्हतं. परीक्षेची मूळ गुणपत्रिकाही जोडली. हो, तीच, शंभरातल्या मार्कांची! अहो, दाखला आहे आणि जोडला नाही, असं कधी होतं का?

आणि सगळ्यांत वर हुकमाचा एक्का. आपल्याकडे भरतीत 'सैनिकाचा मुलगा' याला केवढी किंमत! म्हणून मी आबांच्या शौर्यपदकाच्या प्रशस्तिपत्राची नकल लावली. इंग्रजीत होती. मजकूर असा की, जमादार (आबा तेव्हा जमादार होते) बाबाजी माने यांनी इटलीच्या डोंगरात जिवाची पर्वा न करता शत्रूच्या दोन मशीनगन चौक्या उडवल्या आणि एकट्याने अकरा जर्मन सैनिक पकडून आणले.

साहेबाच्या नजरेतून सुटू नये म्हणून मी 'अकरा जर्मन' खाली लाल शाईनं रेघ मारली. दोनदा.

दोन आठवड्यांनी उत्तर आलं. अमुक दिवशी, अमुक वाजता फ्रँकफर्टच्या कार्यालयात बोलण्यासाठी यावे.

बोलण्यासाठी! म्हणजे इंटरव्ह्यू! आणि आपल्याकडे इंटरव्ह्यूचं बोलावणं म्हणजे निम्मी नेमणूकच की नाही? मी दुधाची पावडर आणि साखर घोटून पेढे केले. ते दगडासारखे झाले, पण कारखान्यात वाटले. ओटोनं एक घेतला, माझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडावरची माशी हलली. "तू खरंच अर्ज केलास?" तो म्हणाला. मला वाटलं, जळतोय.

आणि मी घरी पत्र टाकलं. तिथं खरा घात झाला.

आबांचं उत्तर टपालानं लगोलग आलं. "चि. दत्तास अनेक आशीर्वाद. तुझे पत्र चावडीवर मोठ्याने वाचले. मारुतीला नारळ दिला, घरटी साखर वाटली. ज्यांना म्या धरले त्येंनीच माझ्या पोराला सन्मानाने बोलावले, याहून मोठे मेडल नाही. ड्रेस मिळाला की फोटो पाठव. मी बूट पालिश करून ठेवले आहेत."

बूट त्यांचे. सॅल्यूट ठोकायला. पत्र वाचून मला आनंद व्हायला हवा होता, पण मी ते घडी घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवलं.

ठरल्या दिवशी फ्रँकफर्टला गेलो. ट्रामनं कार्यालय गाठलं. आत एक मेजर बसले होते. त्यांचं नाव लिंडनर. केस पांढरे, एक पाय ताठ. टेबलावर माझा अर्ज, विटेएवढा.

"आल्झो, हेर माने," ते म्हणाले (हेर म्हणजे त्यांच्याकडे श्रीयुत, गुप्तहेर नव्हे), "तुमचा अर्ज या कार्यालयात सगळ्यांनी वाचला. काहींनी दोनदा."

मी छाती काढली.

"तुम्ही भारतीय नागरिक आहात. जर्मन लष्करात फक्त जर्मन नागरिक लागतात. हे एका ओळीत लिहून कळवता आलं असतं."

छाती आत गेली. "मग बोलावलंत कशाला?"

"उत्सुकता." त्यांनी फॉर्म पुढे ओढला. "गणित दोन पूर्णांक एक. छान. इंग्रजी पाच पूर्णांक आठ. म्हणजे इंग्रजी अजिबात येत नाही. पण अर्जासोबतचं पत्र तर चांगल्या इंग्रजीत आहे. म्हणून मी तुमची मूळ गुणपत्रिका पाहिली." ते थांबले. "तुम्ही दहानं भागलंत?"

"हो."

"भागाकार बरोबर आहे. गणितातला तुमचा तेवढाच पुरावा आमच्याकडे आहे."

काय सांगू, जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. पण मेजरसाहेबांचं संपलं नव्हतं. त्यांनी गठ्ठ्यातनं सगळ्यांत वरचा कागद काढला. लाल रेघांचा. आणि त्या क्षणी, कागद त्यांच्या हातात बघताना, मला पहिल्यांदा उजाडलं की मी कोणाच्या लष्कराला कोणाचे अकरा जण पकडल्याचं सांगितलंय. पहिल्यांदा बरं का! त्याआधी अर्ज लिहिताना, पेढे वाटताना, ट्रामनं येताना, एकदाही नाही. त्या डोक्याला एकवीस म्हणजे खरं तर पेपर तपासणाऱ्यानं दया केली.

"हे तुमचे वडील?" मेजरनी विचारलं.

"हो," मी पुटपुटलो. "माफ करा. एखाददुसरा कमी असेल."

"अकरा," ते कागदावर बोट ठेवून म्हणाले. "दोनदा अधोरेखित. मीही त्या वर्षी इटलीतच होतो. दुसऱ्या बाजूला." ताठ पायाकडे त्यांनी नुसतं बघितलं. "पकडल्यावर त्यांचं काय केलं वडिलांनी?"

आबा ही गोष्ट शंभर वेळा सांगायचे, त्यामुळे मला पाठ होती. "आधी चहा दिला. मग आपल्या वाटणीच्या चपात्या दिल्या, गूळ लावून. त्यातलं एक पोर आईच्या नावानं रडत होतं, त्याला आपलं ब्लँकेट दिलं. आबा म्हणतात, बंदूक खाली ठेवली की तो शत्रू नाही, पाहुणा."

मेजर लिंडनरनी तो कागद नीट गठ्ठ्यावर परत ठेवला. मग म्हणाले, "मलाही पकडलं होतं. तुमच्या वडिलांनी नाही. मला चहा मिळाला नाही."

मी टेबलावरचे माझे दाखले गोळा करायला लागलो.

ते काठीचा आधार घेत उठले. मीही धडपडत उठलो. "हेर माने, तुम्ही जर्मन असतात तरी या मार्कांवर मी तुम्हाला घेतलं नसतं. वडिलांनी अर्ज केला असता तर विचार केला असता." मग त्यांनी टाचा जुळवल्या, आणि मला खाडकन सॅल्यूट ठोकला. मी गांगरून हात वर न्यायला लागलो.

"हात खाली," ते म्हणाले. "हा तुमच्यासाठी नाही. घरी घेऊन जा."

घरी मी एवढंच कळवलं, "जमलं नाही. तिथल्या मेजरसाहेबांनी तुमच्यासाठी निरोप दिलाय, समक्ष सांगीन." आबांचं उत्तर आलं नाही. आईनं शेजारच्या मास्तरांकडून लिहवून कळवलं की ते चावडीकडे जाणं टाळतात, आणि बूट पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवलेत. ते वाचून मी स्वतःला जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या कारखान्यातल्या फोरमननंही मला घातल्या नव्हत्या.

दोन वर्षांनी रजेवर गेलो. एस. टी. गावात थांबली. आबा पारावर उभे, बरोबर निम्मं गाव. मला बघून सगळे आबांकडे बघायला लागले. आबांनी खाली वाकून माझी ट्रंक उचलली.

"आबा, थांबा. निरोप द्यायचाय," मी म्हणालो.

"घरी सांग की लेका."

"नाही. इथंच. चारचौघांत." आणि मी सगळं सांगितलं. अकरा जर्मन, चहा, चपात्या, ताठ पायाचा मेजर, वडिलांचा अर्ज आला असता तर काय ते. एक शब्द गाळला नाही, एकवीस मार्कसुद्धा नाहीत. मग टाचा जुळवल्या आणि भर पारावर मेजरसाहेबांचा सॅल्यूट आबांना पोचता केला.

आबांनी ट्रंक खाली ठेवली. टोपी सरळ केली, सदऱ्याची वरची गुंडी लावली. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांना सॅल्यूट ठोकलेला माणूस, आज स्वतः सॅल्यूट घेत होता. तोही जर्मन अधिकाऱ्याचा.

आबा दोन पावलं पुढे आले, माझा हात धरला आणि कोपर चांगलं वीतभर वर ढकललं.

"कोपर पडतंय तुझं," ते म्हणाले. "बरं झालं घेतलं न्हाई. जर्मनाची अब्रू वाचली."