विहिरीवरचा दोर आणि नातीचं कोडं

परवा नातीनं अकरावीच्या फिजिक्समधलं एक कोडं घातलं, आणि तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नाही...

वर कप्पी, तिच्यावरून दोर. एका टोकाला फळी बांधलेली, फळीवर माणूस, आणि दोराचं दुसरं टोक त्याच्याच हातात. तेच टोक त्यानं झाडाला बांधलं, तर दोरावरचा ताण वाढेल की घटेल?

मी म्हणालो, घटेल, झाड आलं ना मदतीला. ती हसली. "दुप्पट होतो, अण्णा."

कागदावर बाण काढून दाखवले तिनं. हातात धरला की दोराच्या दोन बाजू माणसाला निम्मं निम्मं तोलतात, झाडाला बांधला की सगळा भार एकाच बाजूवर... मला बाण कळले नाहीत. विहीर मात्र दिसली.

दुष्काळाचं साल. वडवणीजवळच्या आमच्या गावात मी मराठी शिकवायचो, शाळा सुटली की दूध संस्थेचं काम बघायचो. संस्थेच्या विहिरीवर गावची जनावरं प्यायची. ती आटली, म्हणून संस्थेचा गडी तुळशीराम झरे मोकळे करायला उतरला... असाच फळीवर बसून, आपला दोर आपणच सोडत.

एका हातात दोर, दुसऱ्या हातात पहार. मी काठावर बाभळीखाली कविता गुणगुणत बसलेला, मला बघवेना. म्हटलं, उरलेलं टोक वर फेक, बाभळीला बांधतो, तुझे दोन्ही हात मोकळे होतील.

मी गाठ मारली, त्यानं हात सोडला आणि दोर तुटला.

खाली कमरेएवढा गाळ होता, म्हणून पाय मुरगळण्यावर भागलं. "दोरच जुना व्हता," तुळशीराम सगळ्यांना सांगत राहिला. मीही तेच मानत आलो...

काल केजला, त्याच्या लेकाच्या घरी फोन लावला. कोडं सांगितलं, बाण सांगितले, चूक माझी होती तेही सांगितलं. पलीकडून तुळशीराम खोकत म्हणाला,

"बाण मला न्हाई कळत, मास्तर. पर त्या दिसापास्नं दोराचं टोक म्या कुणाच्या हाती दिलं न्हाई. तुमच्या बी न्हाई."

मग आठवलं. आठ दिवसांनी नवा दोर घेऊन तो पुन्हा उतरला, तेव्हा मी हात पुढं केला होता. तो म्हणाला होता, "तुमी आपली कविता म्हणा, मास्तर." आणि मी अख्खी कविता म्हटली होती... त्याला ती आवडते असं समजून.

नात विचारतेय, अण्णा, कळलं का? बाण अजूनही पुरते कळले नाहीत... पण इतकी वर्षं दोरालाच दोष देत आलेल्या तुळशीरामला मनापासून नमस्कार.