वाणात लुटलेल्या बाटल्या

आमच्या घरात एक सिद्धान्त होता: मी दाढीला बसलो की लाइट जाते. सिद्धान्त बायकोचा. मी सांख्यिकीचा माणूस, वैद्यकीय महाविद्यालयात आकडेमोड शिकवून पोट भरणारा, म्हणून तिला समजावून सांगायचो, की अगं, लाइट रोज सकाळी आठला जाते आणि मी रोज आठलाच दाढी करतो, यात माझा काय दोष? दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. ती म्हणाली, "मग एक दिवस नऊला करून बघा." केली. त्या दिवशी लाइट नऊला गेली. तेव्हापासून घरात माझ्या विषयाला किंमत उरली नाही.

घराबाहेरही फारशी नव्हती. शहराला तेव्हा औरंगाबादच म्हणत, आणि मी तिथे हंगामी अधिव्याख्याता होतो. हंगामी म्हणजे दर वर्षी एक दिवस घरी बसायचं आणि दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर घेऊन त्याच खुर्चीत यायचं. असे पाच हंगाम गेले होते. आमचे विभागप्रमुख जुन्या शहरातले, निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले, मराठी उत्तम समजणारे आणि रागावले की दखनीत शिरणारे. त्यांनी एकदा स्वच्छ सांगितलं, "मियाँ, पीएच.डी. करो. उसके बगैर कायम नै होते तुम." म्हणजे डिग्री मिळाली तर नोकरी, नाही तर पुन्हा एक दिवस घरी. मी विषय घेतला, पाण्यात क्लोरीनचे थेंब टाकले तर लहान मुलांचे जुलाब खरंच कमी होतात का.

सगळ्यांना वाटतं, यात बघायचं काय? थेंब टाकणाऱ्या घरांत जुलाब कमी, न टाकणाऱ्या घरांत जास्त, संपलं. पण तसं नसतं. जे घर थेंब टाकतं तेच घर हात धुतं, हंड्यावर झाकण ठेवतं, पोराला वेळेवर दवाखान्यात नेतं. मग गुण थेंबांचा म्हणायचा की घराचा? यावर आमच्या शास्त्रात एकच सरळ इलाज आहे: चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याची चिठ्ठी निघेल त्याला थेंबांची बाटली, ज्याची निघणार नाही त्याला वर्षभर थांबायचं. चिठ्ठीला घर गरीब की श्रीमंत, शहाणं की वेंधळं, काही दिसत नाही. त्यामुळे दोन्ही गट सारखे होतात आणि फरक राहतो तो फक्त बाटलीचा. आजारी पडलेल्या मुलाला मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं मात्र दोन्ही गटांत द्यायची. कल्पना इतकी सुंदर आहे की मला ती वर्गात सांगताना दर वर्षी गहिवरून येत असे. विद्यार्थी झोपलेले असत.

दिवाळीनंतर मी पिशोरच्या एसटीने एका गावात गेलो आणि मारुतीच्या पारावर पाच वर्षांखालची मुलं असलेल्या सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या घागरीत टाकल्या. सोबत आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर होत्या. गावातली निम्मी बाळंतपणं त्यांच्या हातची, त्यामुळे गर्दी माझ्यासाठी नसून त्यांच्यासाठी होती. मी चिठ्ठीचं तत्त्व अर्धा तास समजावलं. मग प्रश्न विचारा म्हटलं. पहिला प्रश्न आला, "चिठ्ठी बदलून भेटंल का?" दुसरा, "सरपंचाची बी चिठ्ठी खरंच टाकली का?" टाकली होती. निघाली नाही. सरपंचीणबाई पदर सावरून उठल्या आणि तडक घरी गेल्या. सिस्टर माझ्या कानात म्हणाल्या, "सर, हे लई वाईट झालं." मी म्हणालो, "हे उत्तम झालं. यालाच निःपक्षपात म्हणतात."

खरा प्रश्न एकाच बाईने विचारला. तिशीची असेल, कडेवर तीन वर्षांची मुलगी. तिचीही चिठ्ठी निघाली नव्हती. "सायेब, ज्याला भेटली नाय त्यानं काय करायचं?" मला तिचं फारच कौतुक वाटलं. मी आवाज चढवून म्हणालो, "ताई, तुम्ही तर सगळ्यात महत्त्वाच्या! तुम्ही बाटलीशिवाय राहिलात तरच कळेल बाटलीचा गुण. तुमच्यावाचून हा अभ्यास होऊच शकत नाही." लोक हसले. ती हसली नाही. तिने मान डोलावली आणि मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

त्यानंतर सहा महिने सिस्टर दर पंधरवड्याला घरोघर फिरून फॉर्म भरत आणि मी ते शहरात आणून बेरजा करत असे. उन्हाळा संपता संपता निकाल काढायला बसलो. बाटलीच्या गटात जुलाब कमी झाले होते. बिनबाटलीच्या गटातही झाले होते. दोन्ही गट अगदी गळ्यात गळा घालून खाली आले होते. म्हणजे माझ्या शास्त्राच्या भाषेत, थेंब टाका किंवा टाकू नका, सारखंच. मी तीन वेळा बेरीज तपासली, मग कॅल्क्युलेटर बदलला, मग कॅल्क्युलेटर ज्याचा मागून आणला होता त्याच्यावर चिडलो.

शेवटी बाटल्यांचं रजिस्टर उघडलं. कोणाला किती दिल्या, कोणाची संपली, सगळं सिस्टरांच्या सुंदर अक्षरात होतं. जानेवारीच्या पानावर एकच शेरा वरपासून खालपर्यंत: "बाटली फुटली, नवीन दिली." "बाटली फुटली, नवीन दिली." एका गावात एका महिन्यात इतकी फुटाफूट मी दंगलीतसुद्धा ऐकली नव्हती. आणि बाटली प्लास्टिकची होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने गावात. ज्या घराची चिठ्ठी निघाली नव्हती अशा पहिल्याच घरात शिरलो, तर देवळीत माझी बाटली. दुसऱ्या घरात दोन. मोहल्ल्यातल्या एका घरात बाटली छान रुमालात गुंडाळून कुराणाच्या खालच्या फळीवर. सरपंचांच्या घरी तर माजघरात ओळीने अकरा बाटल्या, लग्नातल्या आहेराची भांडी मांडावीत तशा. मी सिस्टरांना गाठलं. त्यांनी आधी पदर तोंडाला लावला, मग खरं सांगितलं.

"सर, संक्रांत होती ना. औंदा बायांनी वाण म्हणून बाटल्याच लुटल्या."

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, आणि दर घरी आलेल्या प्रत्येक सवाष्णीला काहीतरी वस्तू वाण म्हणून द्यायची, हे मला काय माहीत नव्हतं? माझ्याच घरात त्या वर्षी चहाच्या नऊ गाळण्या आल्या होत्या. पण त्या वर्षी गावात बाटली म्हणजे नवलाईची चीज, दवाखान्याची, फुकटची. शिवाय सरपंचीणबाईंच्या घरी बाटली नाही आणि आपल्या घरी आहे, या अवस्थेत कोणती बाई त्यांच्या दारात हळदीकुंकवाला जाणार? पहिलं वाण त्यांना गेलं. मग त्यांना परतफेड करायची, तर त्यांनी मिळालेल्यातली पुढे दिली. तिळगुळाच्या ताटाबरोबर मोहल्ल्यातही पोचती झाली. ज्यांच्याकडच्या संपल्या त्यांच्या "फुटल्या".

"आणि तुम्ही देत राहिलात?" मी ओरडलो.

"द्यायला नको व्हय?" सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "पोरंच वाचत्यात की सर."

बायकोला सांगितलं तर ती हसून हसून लाटणं ठेवून खाली बसली. "पुढच्या वेळी पंचांग बघून अभ्यास मांडा," म्हणाली. मी जेवलो नाही. माझी नोकरी वाणात लुटली गेली होती आणि घरात कोणाला त्याचं काही नव्हतं.

आता प्रामाणिक माणसाने काय करायचं असतं, तर ज्याची जी चिठ्ठी, त्याला त्याच गटात मोजायचं, मग त्याने बाटली वापरो, न वापरो, नाही तर म्हशीला पाजो. तसं मोजलं तर फरक शून्य. मी तिथे थांबलो नाही. मी सिस्टरांकडून बायका जमवल्या आणि कोणाकडून कोणाकडे वाण गेलं याची यादी काढली. बायकांना पाच महिन्यांपूर्वीचं वाण नावानिशी पाठ होतं. माझ्या रजिस्टरची काही गरजच नव्हती. त्या यादीतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं उरली, जिथे एकही बाटली पोचली नव्हती. ती एका बाजूला ठेवली, बाकी गाव दुसऱ्या बाजूला, आणि पुन्हा बेरीज केली.

फरक दिसला. चांगला ढळढळीत. त्या मोजक्या घरांतली मुलं पुन्हा पुन्हा आजारी पडली होती. मी खुर्चीतून उठलो, स्कूटरला किक मारली, गुलमंडीवरून किलोभर इमरती आणली आणि शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळ्यांना वाटली. कशाबद्दल म्हणून विचारलं तर सांगितलं, निकाल आला. मला अतिशय आनंद झाला होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

विभागप्रमुखांनी इमरती खाल्ली, बोटं पुसली आणि कागद जवळ ओढला.

"ये घर किसके हैं?"

"म्हणजे?"

"चिठ्ठी से निकले क्या? नहीं ना? फिर इनको बाकी गाँव से अलग किसने किया? जाके देखो मियाँ. कागज पे नक्को, गाँव में देखो."

ही घरं मुळात वेगळी का पडली, हे माझ्या डोक्यात त्या क्षणीही आलं नव्हतं, याची मला आजही लाज वाटते. एसटीत मी घराघरातल्या झाकणांचे आणि हात धुण्याचे तक्ते आखत बसलो होतो.

यादीतलं पहिलं घर गावाच्या टोकाला होतं. दारात तीच बाई, पारावर प्रश्न विचारणारी. आत मुलगी गोधडीवर निजली होती, ओठ कोरडे, शेजारी पाकिटाचं पाणी वाटीत. "हगवण लागली कालपासून," बाई म्हणाली. "पाणी पाजतेय चमच्यानं. सिस्टर येऊन गेल्या. लिवून घ्या तुमच्या कागदावर."

मी विचारलं, "ताई, साऱ्या गावात बाटल्या वाटल्या गेल्या. तुम्हाला कोणीच कशी दिली नाही?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, की एवढा शिकलेला माणूस आणि एवढंही कळू नये. "हळदीकुंकवाला मला कोण बोलावतंय, सायेब?"

तेव्हा मी तिच्या कपाळाकडे पहिल्यांदा बघितलं. माझ्या हातातली यादी मग बघायची गरज उरली नाही. पुढचं घर असंच असणार होतं, त्याच्या पुढचंही; जिथे दुसरी सवाष्ण नाही, असं प्रत्येक. माझ्या चिठ्ठीने कुणाचं कपाळ बघितलं नव्हतं. वाणाने तेवढंच बघितलं होतं. कमावणारा माणूस नाही, पाणी लांबचं, आई दिवसभर रोजाने, आणि वर बाटलीही नाही. यातलं पोरीला नेमकं कशाने आजारी पाडलं, हे जगातला कुठलाही कॅल्क्युलेटर सांगू शकला नसता. आणि या घरांच्या आजारपणावर मी इमरती वाटली होती.

मी पिशवीतून बाटली काढून तिच्यापुढे धरली. तिने हात मागे घेतला.

"नगं सायेब. वरीस कुठं झालंय अजून?"

"ते राहू द्या. घ्या."

"सिस्टर द्यायला आल्या व्हत्या माघ महिन्यात. मीच नाय म्हणलं. तुम्ही म्हणला व्हता ना, मी राहिले तरच तुम्हाला कळंल. बाकीच्यांनी घेतल्या, मग मी बी घेतली तर तुमच्याकडं राहिलंच काय? तुमची नोकरी हाय त्याच्यावर, सिस्टर सांगत व्हत्या." तिने मुलीला चमचाभर पाणी पाजलं. "दिवाळीपत्तोर कड काढते की. तुमचं होऊन जाऊ द्या."

मी उठलो, तिच्या हंड्याचं झाकण काढलं आणि थेंब टाकायला लागलो. मोजताना चुकलो, पुन्हा मोजले. ती मागून म्हणत राहिली, "आवो सायेब, नगं, तुमचं नुकसान व्हईल." थेंब टाकल्यावर पाणी अर्धा तास झाकून ठेवावं लागतं, मगच प्यायचं. मी झाकण ठेवलं, तिच्या ओसरीवर बसलो आणि तेवढा अर्धा तास तिथेच थांबलो.