कानाच्या मापाची भेट

आत्या खरं तर एकाच मुलीची आत्या. थोरल्या भावाची एकुलती लेक तिला आत्या म्हणायची. तिचं ऐकून इमारतीतली पोरं म्हणायला लागली, मग पोरांच्या आया, आणि शेवटी ती नोकरी करायची त्या इस्पितळातले डॉक्टरसुद्धा. लग्न तिनं केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं तर "राहून गेलं" एवढंच म्हणायची, जसं दूध आणायचं राहून जावं तसं.

इस्पितळात ती लोकांचे कान तपासायची. काचेची खिडकी असलेली एक बंद खोली, आतून जाड स्पंज लावलेली. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आत्या बाहेर बसून लहानमोठे आवाज सोडणार. ऐकू आलं की आतल्यानं बटण दाबायचं. दिवसभर दुसऱ्यांचे कान बघता बघता तिचे स्वतःचे कान मात्र कायम टवकारलेले असायचे. कुणी जाता जाता काही कुरकुरलं की आत्यानं ते मनात गाठ मारून ठेवलंच म्हणून समजा. आणि मग कधीतरी त्या माणसाच्या वाढदिवसाला, बदलीच्या निरोपाला, नाहीतर काहीच कारण नसताना, एखादी पुडी त्याच्या हातात पडायची.

भाची सहा-सात वर्षांची असताना चित्रं कापताना रडायची. "मला कापायला येतच नाही," म्हणायची. घरातले सगळे म्हणाले, धसमुसळी आहे झालं. आत्यानं कुठून कुठून शोधून डावखुऱ्यांची कात्री आणली. त्या दिवशी पोरीनं कागद, जुनी मासिकं आणि दिवाणखान्याच्या पडद्याची एक कड, जे हाताला लागेल ते सरळ कापून ठेवलं. शेजारच्या आजोबांचे हात थरथरायचे. शर्टाची बटणं लावायला अर्धी सकाळ जायची, पण कुणी मदतीला गेलं की अंगावर यायचे. आत्या त्यांचा आवडता शर्ट "जरा उसवलाय" म्हणून घेऊन गेली आणि आतून दाबायच्या टिचबटणांची रांग लावून आणली. वरून जुनी बटणं जशीच्या तशी शिवलेली, नुसती दिसायला. आजोबांनी शर्ट घातला, टिच टिच दाबला, आरशात बघितलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

अशा माणसाच्या हातून चूक व्हायची ती वहिनीच्याच बाबतीत झाली.

वहिनी म्हणजे या थोरल्या भावाची, दादाची बायको. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. अंगानं एवढीशी, चौथीची पोरं वर्ष संपेपर्यंत तिच्या डोक्यावरून बघायला लागायची, पण तिनं नुसतं वळून पाहिलं तरी वर्ग चिडीचूप. आत्या आणि ती वयानं बरोबरीच्या, म्हणून एकमेकींना अगं-तूगं. वहिनी फक्त रागावली की "वन्सं" म्हणायची. दादा-वहिनी नव्या घरात राहायला गेले तेव्हा तिथल्या स्वयंपाकघरातली फडताळं होती उंच. वहिनी टाचा उंचावून डबे काढते हे आत्यानं पहिल्याच दिवशी हेरलं. लगेच सुताराकडून एक सुबक स्टूल करून घेतलं, बाजूला कोरून वहिनीचं नाव. पाहुण्यांनी घर भरलेलं असताना सगळ्यांदेखत वहिनीनं कागद फाडला, आणि दादाचा एक मित्र मोठ्यांदा म्हणाला, "वा! वहिनींची उंची वाढवायची सोय झाली!" सगळे हसले. वहिनीही हसली. पाहुणे गेल्यावर तिनं ते स्टूल गॅलरीत नेऊन त्यावर कुंडी ठेवली.

"छान आहे हो, वन्सं," एवढंच म्हणाली.

आत्याला ते "वन्सं" आठ दिवस टोचत राहिलं. नंतर तिच्या लक्षात आलं की चूक स्टुलात नव्हती. माणसाचं काय अडतं ते आपल्याला दिसतं, पण आपल्याला दिसलं हे चारचौघांत त्याला दाखवायचं का, हा विचार आपण केलाच नाही. तेव्हापासून ती भेट द्यायच्या आधी स्वतःला विचारायची, हे उघडताना भोवती कोण असेल? आणि वहिनीच्या बाबतीत तर तिनं धसकाच घेतला. दरवर्षी तिला चादर. निळी, पिवळी, फुलाफुलांची. वहिनीच्या कपाटात चादरींची चळत झाली, पण दोघींपैकी एकीनंही त्यावर अवाक्षर काढलं नाही.

बरीच वर्षं अशीच गेली. वहिनीनं शाळेतून वेळेआधीच निवृत्ती घेतली, भाची नोकरीनिमित्त दूर गेली, दादाची छापखान्यातली शेवटची एक-दोन वर्षं उरली. दादा-वहिनीच्या लग्नाचा पस्तिसावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला, आणि आत्या दुकानात चादरीच बघत होती, त्याच आठवड्यात एका दुपारी वहिनी एकटीच तिच्या दारात उभी राहिली.

पाणी दिलं, ते तिनं नुसतं हातात धरून ठेवलं. मग एकदम म्हणाली, "तुझा दादा माझ्याशी बोलत नाही गं."

"भांडलात?"

"भांडला असता तरी बरं होतं! काही विचारलं की 'हं'. सांगितलं की 'हं'. मी खोलीभर बडबडत असते आणि हा माणूस पेपरात डोकं घालून. त्या मित्राचा फोन आला की मात्र कसा खदाखदा हसतो! म्हणजे ऐकायला येतं ना? माझंच नको असतं." तिनं पेला खाली ठेवून डोळे पुसले. "परवा विचारलं, लग्नाच्या वाढदिवसाला तुम्हाला काय हवंय? तर म्हणतो कसा, 'सहा वाजता.' चेष्टा करतो माझी. या वयात आता नकोशी झाले मी त्याला."

"सहा वाजता" ऐकलं त्याच क्षणी आत्याला कळून चुकलं होतं. कान जायला लागतात तेव्हा बारीक, उंच पट्टीतले आवाज आधी जातात. बायकांचे, लहान मुलांचे. जाड आवाज शाबूत राहतो. मित्राचा आवाज म्हणजे पिंपात बोलल्यासारखा. आणि दादाचं सगळं आयुष्य छपाईच्या यंत्रांपाशी गेलेलं. दिवसभर रांगेनं माणसं तपासणाऱ्या आपल्याला सख्ख्या भावाचा कान कळू नये? पण तिच्याशी बोलताना तो नेहमी समोर बसायचा, तिच्या ओठांकडे बघत. तिला वाटायचं, किती लक्ष देऊन ऐकतो आपलं.

शब्द अगदी ओठांवर आले होते. पण ते दादाचं गुपित होतं, आणि त्याच्या पाठीमागे ते उघडायचं म्हणजे पुन्हा तेच, भरल्या घरात कागद फाडल्यासारखं.

"वहिनी, तू नकोशी झालेली नाहीस," ती म्हणाली. "माझ्यावर विश्वास ठेव आणि थोडे दिवस दे मला."

"वकिली करणार आहेस भावाची?"

"नाही गं. तुझीच."

दुसऱ्या दिवशी ती छापखान्यात गेली. चहाची सुट्टी होती. आवारात कागदाच्या रिळांआड दादा एकटाच बाकावर बसला होता. आत्या मुद्दामच त्याच्या मागून गेली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "दादा." त्यानं चहाचा घोट घेतला. ती पुन्हा म्हणाली, "दादा." पलीकडे झाडूवाल्यानं वळून बघितलं, दादानं नाही. मग ती फिरून समोर जाऊन बसली.

"अरे! तू कधी आलीस?"

"दोनदा हाक मारली तुला."

दादाचा चेहरा क्षणभर उतरला, मग कडक झाला. "इथं यंत्रांचा केवढा आवाज असतो."

"यंत्रं बंद आहेत, दादा."

"हे बघ, मला सगळं व्यवस्थित ऐकू येतं. हिलाच तोंडातल्या तोंडात बोलायची सवय आहे."

"वहिनीला? चाळीस पोरांचा वर्ग गप्प करणाऱ्या बाईला?"

"तुला लोकांमधली खोट शोधायचं व्यसनच लागलंय!" तो उसळला. त्याचा राग दुधासारखा; वर येतो तसा खालीही बसतो, हे आत्याला लहानपणापासून माहीत होतं. तो पेल्याच्या काठावरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "दोन-तीन वर्षं झाली असतील."

"आणि बोलला नाहीस कुणाला?"

"काय बोलू? ती काही विचारते, मी अंदाजानं उत्तर देतो, ते चुकतं. चुकलं की ती अशी बघते ना माझ्याकडे... त्यापेक्षा 'हं' म्हटलेलं बरं. 'हं' कशालाही चालतं."

"नाही चालत रे. तिला वाटतंय ती तुला नकोशी झालीये."

हे मात्र त्याला पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू आल्यासारखं झालं. त्यानं पेला बाकावर ठेवला. "असं म्हणाली?"

"माझ्या घरी येऊन रडली. लग्नाच्या वाढदिवसाला काय देणार आहेस तिला?"

"तूच आण ना काहीतरी, दरवर्षीसारखं. तुला सुचतं."

"या वर्षी मला सुचलंय, पण ते माझ्याकडून देण्यासारखं नाही. ते तुलाच द्यावं लागेल."

शनिवारी दुपारी, इस्पितळ रिकामं झाल्यावर, दादा आला. कुणी ओळखीचं बघेल म्हणून टोपी घालून आला होता; त्यामुळे पहारेकऱ्यानं अजूनच निरखून पाहिलं. आत्यानं त्याला काचेपलीकडे बसवलं, हातात बटण दिलं आणि आवाज सोडायला सुरुवात केली. जाड आवाज त्यानं पटापट टिपले. मग ती बारीक आवाजांकडे वळली. आवाज जात होते, एकामागून एक, आणि दादा बटणावर अंगठा टेकवून, मान किंचित कलती करून, शहाण्या मुलासारखा वाट बघत बसला होता. येऊन गेलेल्या आवाजांची वाट. आत्यानं हजारो माणसं अशी बसलेली पाहिली होती. तरी तिला यंत्र थांबवून, चष्मा पुसायच्या निमित्तानं खाली बघावं लागलं.

"संपलं?" त्यानं आतून विचारलं. "बरा गेला ना पेपर?"

"काठावर," ती म्हणाली.

मग तिनं कणकेसारखा मऊ गोळा मळून त्याच्या कानात भरला, साचा घ्यायला. "गार लागतंय," तो कुरकुरला. "आणि असे कान भरायला लागलीस की आपली जुनी शेजारीण आठवते." गोळा घट्ट झाल्यावर तिनं अलगद काढून त्याच्या तळव्यावर ठेवला. वेडावाकडा, गुलाबी, शंखासारखा वळसा घेतलेला.

"हा माझा कान?"

"आतून असा आहे. या साच्यावरून जे बनेल ना, ते जगात दुसऱ्या कुणालाही बसणार नाही."

दादा बराच वेळ ते उलटसुलट करून बघत राहिला.

लग्नाच्या वाढदिवसाला तिघंच. आत्यानं बजावून सांगितलं होतं की मित्र नको, शेजारी नको. ती पोचली तेव्हा दादानं दार उघडलं. केसांआड, कानामागे, कानाचं मशीन होतं. बारकाईनं बघणाऱ्यालाच दिसेल असं. सकाळीच इस्पितळात जाऊन बसवून घेतलं होतं. वहिनीला अजून काही बोलला नव्हता.

"सांगत का नाहीस?" आत्या कुजबुजली.

"धीर होत नाही," तोही कुजबुजला, आणि आपण कुजबुज ऐकली हे लक्षात येऊन त्याचे डोळे मोठे झाले.

वहिनी स्वयंपाकघरात, त्यांच्याकडे पाठ करून, ताटं पुसत होती. तिचं चाललंच होतं, आपलं आपल्याशी, "तीनच माणसं म्हणे. पस्तीस वर्षं झाली, कौतुक करायला चार माणसं बोलवावीत, ते नाही. विचारायला जावं तर 'हं'. या घरात काही बोलायचं म्हणजे भिंतीशी बोलायचं."

दादा दारात उभा होता. म्हणाला, "भिंतींनाही कान असतात."

वहिनीचा हात ताटावरच थांबला. ती वळली नाही. अगदी हळू, मुद्दाम आणखी हळू, म्हणाली, "काय म्हणालात?"

"म्हटलं, कान असतात. आजपासून." तो पुढे गेला आणि केस बाजूला करून दाखवलं. "तुझ्यासाठी आणलंय. ठेवलंय माझ्या कानात, एवढंच."

वहिनीनं त्या इवल्याशा वस्तूकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग आत्याकडे. सगळा हिशोब तिच्या चेहऱ्यावर लागत गेला. पेपरात घातलेलं डोकं, 'सहा वाजता', सगळंच. तिनं ताट खाली ठेवलं आणि पदर... नव्हताच, म्हणून हातातलं ताटं पुसायचं फडकंच डोळ्यांना लावलं.

"मला का नाही सांगितलंत? मी मोठ्यांदा बोलले असते ना!"

"म्हणूनच नाही सांगितलं," दादा म्हणाला, आणि ती रडता रडता हसली.

"आणि इतके दिवस 'हं' म्हणत होतात ते कशाकशाला?"

"ते मलाही माहीत नाही. काय काय कबूल केलंय मी?"

"पुढच्या महिन्यात माझी बहीण राहायला येतेय. महिनाभर."

दादानं आत्याकडे बघितलं. "हे परत करता येतं का?"

मग वहिनी आत्याकडे वळली. "तुला त्या दिवशीच कळलं होतं."

"हो."

"आणि तू बोलली नाहीस. मी तिथं रडतेय, आणि तू गप्प."

"ते त्यानं सांगायचं होतं गं, वहिनी."

आत्याला वाटलं, आता "वन्सं" येणार. वहिनीनं नाक पुसलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बस अगं, उभी काय राहिलीस? पानं वाढते."

जेवताना दादा हैराण झाला. चमचे केवढ्यांदा वाजतात, पंखा करकरतो, आणि आपण चावताना असा आवाज होतो हे कुणी कधी बोललं कसं नाही! मधेच थांबून त्यानं विचारलं, "हे टिकटिक काय?" भिंतीवरचं घड्याळ होतं. भाचीचा फोन आला, तेव्हा वहिनी सवयीनं घ्यायला उठली, तर त्यानंच घेतला आणि लेकीशी इतका वेळ बोलत बसला की भात निवला. वहिनी आधी फोनकडे बघत होती. मग नुसती त्याच्याकडे.

आत्या निघाली. दार लागलं. जिन्यात ती चपलेचा पट्टा लावायला वाकली, तेव्हा आतून वहिनीचा आवाज आला, तिचा खरा, घरातला, खालचा आवाज.

"अहो, दूध तापवू का?"

"तापव. पण साखर नको, आज गोड जास्त झालंय."

मग पुन्हा, आणखी हळू, "उद्या बाजारात याल का माझ्याबरोबर?"

"येईन. पण सकाळी लवकर जाऊ, ऊन व्हायच्या आत."

वहिनीनं तिसरं काहीतरी विचारलं. त्यात विचारण्यासारखं काही नसणार. ती नुसती उत्तरं ऐकत होती. ते आत्याला नीट ऐकू आलं असतं, तिचे कान तिखट होते. पण तिनं पट्टा तसाच सोडला आणि चपलांचा आवाज न करता जिना उतरून गेली.