आधी मागचा धरून ठेव

उसाच्या मळीचा वास इतका दाट असतो, की त्याला पाठ टेकवून उभं राहावं! थंडीतल्या सकाळी कोल्हापूरबाहेरच्या त्या साखर कारखान्यात शिरलं, की तो उष्ण, आंबूसगोड दर्प आधी सदऱ्याला चिकटे आणि मग थेट आत्म्याला. मी तिथे वजनकाट्यावर कारकून होतो. काट्यापुढची बैलगाड्यांची रांग एवढी दीर्घ, की शेवटाला उभा राहणारा गाडीवान काळ्या मिशा घेऊन येई आणि काट्यावर पोचेतो त्या पांढऱ्या होत. जास्त वाटत असेल, तर एक मिशी काळीच राहू द्या. मी भांडणार नाही.

ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं. त्या रांगेला शिस्त लावायला कारखान्यात संगणक आला. त्याच्या थंडगार खोलीत शिरताना आम्ही वहाणा बाहेर काढून ठेवत असू, आणि एका हमालाने तर पहिल्या दिवशी पडद्याला हातही जोडले. यंत्राचा पुजारी भूपाल. मुरगूडकडच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा, राजारामपुरीतल्या एका क्लासात सी भाषा शिकलेला. रांगेचा प्रोग्राम त्यानेच लिहिला आणि त्याच्याच शब्दावर कारखान्याच्या साहेबांनी पाळीच्या नंबराचे जुने पत्र्याचे बिल्ले बंद केले.

त्या प्रोग्रामची रचना ऐकून मी अंतर्मुख झालो होतो. यंत्राच्या स्मृतीत प्रत्येक गाडीला एक खोली. खोलीत गाडीवानाचं नाव आणि मागच्या गाडीच्या खोलीचा पत्ता. बस्स, एवढंच! अवघी रांग एकत्र कुठेच मांडलेली नाही. ज्याला त्याला ठाऊक फक्त आपल्या मागचा. त्या पत्त्याला भूपाल पॉइंटर म्हणे. माणसांच्या पिढ्या तरी याहून निराळ्या कशाने बांधलेल्या असतात? मधल्या एकाने पत्ता हरवला, की त्याच्या मागचे सारे असूनही नसल्यासारखे.

आणि नेमकं तेच घडलं. काही आठवडे यंत्र सुरळीत चाललं. कर्ण्यातून नावं पुकारली जात, गाड्या काट्यावर चढत. मग भूपालने गाडीवानांच्या सोयीसाठी वजनाची चिठ्ठी छापण्याची भर घातली, आणि त्याच दुपारी पडद्यावर नावांऐवजी अगम्य चिन्हांचा चिखल उमटला. नावं पुन्हा भरली; दोन गाड्या गेल्या आणि पुन्हा तेच. यंत्राच्या लेखी उरलेली रांग अस्तित्वातच नव्हती. बाहेर मात्र ती होती. उन्हात, जुवाखाली, तोंडाला फेस आलेली.

साहेब दारातूनच गरजले, "भूपाल, सांजच्या आत रांग हलली तर हलली. न्हाईतर तुझं यंत्र गोणपाटात आणि तू मुरगूडच्या गाडीत!"

भूपालचं लक्ष आपल्या नोकरीपेक्षा बाहेरच्या बैलांकडेच अधिक. घामेजल्या बोटाने तो एकेक ओळ तपासत होता, तेवढ्यात रांगेतून ओरडा झाला. गाडीवान दस्तगीरमामा मुजावरांचा डावा बैल जुवातच बसला होता. आम्ही अनवाणीच धावलो.

"मामा, आधी सोडा की बैल!" भूपाल कळवळून ओरडला.

"दमा पावणं," मामा म्हणाले. डोळ्यांत पाणी, पण हात स्थिर. "असाच सोडून बाजूला झालो, तर माझ्या मागच्यांनी कुणाच्या मागं लागायचं? तुटली की रांग! आधी मागचा धरून ठेवतो." त्यांनी मागच्या गाडीवानाचा हात धरला, त्याला पुढच्याजवळ नेऊन उभं केलं. "ह्यो बघ, आता तुझ्या मागं ह्यो. वळखून ठेव." मागचा म्हणाला, "जा मामा, घ्या सावलीत. तुमची पाळी कोण खात न्हाई." मग मामांनी जू उचललं.

भूपाल जागच्या जागी थिजला. "मी आधीच सोडतोय," तो पुटपुटला, आणि असा पळाला, की शर्यतीचा खोंडही लाजावा!

चूक ती होती. गाडी काट्यावर गेली, की प्रोग्राम आधी तिची खोली मोकळी करून टाकी आणि नंतर त्याच रिकाम्या खोलीत मागच्या गाडीचा पत्ता विचारायला जाई. इतके दिवस पत्ता तिथे भिंतीवर पुसट राहिलेला असे, म्हणून निभावलं. आता मधेच चिठ्ठीचा मजकूर त्या मोकळ्या खोलीत येऊन बसू लागला होता. पत्ता पुसला जाई आणि साखळी अंधारात गळून पडे. पण भूपालने असं का लिहिलं? मला वाटतं, त्याच्या रक्तानेच लिहिलं. त्याच्या घरी शेतातून गाडी आली, की पाणीसुद्धा न मागता आधी बैल सोडत. बोलायचं ते नंतर. त्याची चूक अज्ञानाची नव्हती, दयेची होती. आणि दयेच्या चुका शोधायला किती कठीण! त्या चुकीसारख्या दिसतच नाहीत.

त्याने ओळींची अदलाबदल केली: आधी मागच्याचा पत्ता हाती घ्यायचा, मग खोली सोडायची. मी रांगेतून नावं पुन्हा गोळा करून आणली. कर्णा खाकरला. एक गाडी गेली, दुसरी गेली, तिसरीही गेली! साहेब दारात आले, पडद्याकडे पाहिलं आणि परतले.

उन्हं कलता कलता दस्तगीरमामांचं नाव पुकारलं गेलं. बैल एव्हाना उठून पाणी प्याला होता, पण मामा त्याच्या मानेवरून हात फिरवत म्हणाले, "ह्याला आज जू न्हाई." तेव्हा गाडीवानांनीच धुरा उचलली. इस्त्रीच्या विजारीतला भूपालही त्यांत खांदा देऊन होता.

कुणाला मोकळं करणं हे पुण्यच. पण ज्याला आपण सोडतो, त्याच्या हातात आणखी कुणाचा हात आहे, हे आधी कोण पाहतं? ती गाडी काट्यावर टेकली, कर्ण्यातून पुढचं नाव आलं, आणि मागच्या अंधुक धुळीतून कुणीतरी ओ दिली.