गोदूकाकूंच्या हाताचा गुण

बोर्ली पंचतनात गोदूकाकूंच्या पायांवर पालथं पडून ज्यानं भोकाड पसरलं नाही, असं मूल शोधून सापडायचं नाही. घरच्या नारळांचं खोबरेल कोमट करून काकू बसल्या, की बाळ असो, बाळंतीण असो, नाहीतर लचकलेला माणूस, सगळे त्यांच्या स्वाधीन. हाताला गुण होता आणि काकूंना तो चांगलाच ठाऊक होता. दवाखान्यात निघालेल्याला वाटेत अडवून त्या म्हणायच्या, "आधी इथे बस."

नवरा मार्तंडकाका, सुपारीची वाडी बघणारे. "लग्न झाल्यापासून रोज अंगाला खोबरेल, मुंग्या माझ्या मागे लागल्यात," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

यंदा काकांना न्यूमोनिया झाला. फुप्फुसं इतकी सुजली, की पनवेलला श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागलं. यंत्र सुटून काका बोलायला लागले, तेव्हा काकूंनी हरिहरेश्वराला अभिषेक कबूल केला. आता माणूस घरी न्यायचा, एवढंच त्यांना दिसत होतं.

डॉक्टरांनी मुलाला, अनीशला, बाजूला घेतलं. "फुप्फुसांना एवढी इजा झाली, की त्रास तिथेच थांबत नाही. रक्त अंगभर गोठायला बघतं. बाबांच्या पोटरीत गुठळी झाली आहे. रक्त पातळ करायचं औषध द्यावं, तर पोटात मध्यंतरी रक्तस्राव झाला होता. म्हणून जपून देतोय. पायाला हात लावू नका."

अनीश आईजवळ आला. ती कितीतरी दिवसांनी हसत होती. तो एवढंच म्हणाला, "पायाला सूज आहे, उतरेल." आणि औषधं आणायला खाली गेला.

पाय टम्म सुजला होता. काका म्हणाले, "गोदू, पोटरी फार ठणकते गं."

काकूंच्या पिशवीत खोबरेलाची बाटली होतीच. नर्सची पाठ वळल्यावर त्यांनी पोटरी चोळायला घेतली. खालून वर, जन्मभर चोळत आल्या तशी. काकांनी डोळे मिटले. "बरं वाटतंय. पण थोडा हात शिल्लक ठेव. भार्गवीचे दिवस भरत आलेत." भार्गवी म्हणजे सून.

काकू हसल्या. तेवढ्यात काकांना धाप लागली. ओठ निळे पडले. डॉक्टर धावत आले, पण हातात काही राहिलं नव्हतं.

तेलानं चमकणारा पाय डॉक्टरांनी पाहिला. "कुणी चोळला?"

"मी," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी चादर पायावर ओढली. "गुठळी सुटून फुप्फुसात गेली असावी. ती आपोआपही सुटते, काकू. नक्की कुणालाच सांगता येणार नाही."

काकूंनी अनीशकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. त्याला माहीत होतं, हे त्यांना तिथेच कळलं.

भार्गवीला मुलगी झाली. पहिल्या अंघोळीला तिनं वाटीत तेल कोमट करून बाळ सासूपुढे ठेवलं. काकूंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. शेवटी बाळाला न्हाऊ घालायला खालच्या आळीतली बाई बोलवावी लागली. मागच्या पडवीत बाळ रडत होतं आणि काकू ओटीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या.

अनीश शेजारी येऊन बसला. "आई, तुझी चूक नाही. मी सांगायला हवं होतं. तुला घोर नको म्हणून..."

काकूंनी पदराखालचा हात काढला, त्याच्या पाठीपर्यंत नेला आणि पुन्हा मागे घेतला.

"त्यांना बरं वाटत होतं रे," त्या म्हणाल्या. "तसं ते म्हणाले मला."