तंबाखूचं पाणी आणि हिचा पेरू

ठाण्यातल्या आमच्या घरी विलायतेहून आलेली पहिली पाहुणी म्हणजे कीड. तिला मुंबईहून मीच मांडीवर बसवून आणलं!

झालं असं, की मुंबईच्या बाजारात बोटीने आलेलं एक शोभेचं रोप मी घेतलं. पानांखाली पांढराशुभ्र कापूस. "ही याची फुलं," असं मी कचेरीतल्या कारकुनाच्या पूर्ण अधिकाराने घरी सांगितलं. पुढे ती 'फुलं' चालत चालत हिच्या पेरूवर चढली!

पेरूचं रोप हिने कल्याणहून, माहेरून आणलेलं. झाडाला यंदा पहिल्यांदाच फळं धरली होती, आणि पहिलं फळ खायला अप्पा, म्हणजे माझे सासरे, येणार होते.

"अहो, तुमची फुलं माझं झाड खातायत!"

"घाबरू नकोस. तंबाखूचं पाणी मारलं की कीड खलास." (कचेरीत ऐकलेलं. तिथे आम्ही दुसरं करतो काय?)

"माझ्या चुलीवर तंबाखू शिजणार नाही!"

मग मी गुपचूप न्हाणीघरातल्या हंड्यात तंबाखू उकळली, चोथा काढला आणि शेजाऱ्याकडे रंगपंचमीची पिचकारी मागायला गेलो. परतलो तर ओसरीवर सासऱ्यांचं पागोटं!

"अप्पा कुठायत?"

"अंघोळीला. पाणी तापलेलंच होतं ना."

"कुठल्या हंड्यातलं?"

"आपल्याकडे हंडे आहेत किती?"

मी न्हाणीघराकडे धावलो. अप्पा नुकतेच काशीला जाऊन तंबाखू सोडून आले होते! (जन्मभराची आवड, गंगेत उभं राहून सोडलेली!) आणि मी त्यांना तिच्यातच न्हाऊ घातलं होतं.

दार उघडलं. अप्पा बाहेर आले. पंचा तपकिरी, डोळे अर्धवट मिटलेले.

"जावईबापू, पाण्यात काय होतं?"

"तं... तंबाखू. अप्पा, तुमचं व्रत..."

"सोडली ती खायची," अप्पा लांब श्वास घेत म्हणाले. "अंघोळीचं गंगेशी काही बोलणं झालं नव्हतं. उद्या जरा कडक करा!"

दोन दिवसांसाठी आलेले अप्पा हलायचं नाव घेईनात. रोज हंडा चढे, रोज अप्पांच्या अंगावर रिकामा होई, आणि कीड पेरूवर सुखात! शेवटी हिने पदर खोचला. विलायती रोप चुलीत घातलं, किडकी पानं जाळली, रिठ्याच्या पाण्याने एकेक फांदी चोळून काढली. पेरू वाचला!

आता आळीत कुणाच्या झाडाला कीड लागली, की आमच्याकडे निरोप येतो, "जाणकारांना पाठवा." मी लगबगीने निघतोच. हिच्या मागून, घागर घेऊन!