बोडणाआधी हैदराबाद

मला याद्या करायचा नाद आहे. नवरा म्हणतो, तू स्वर्गात गेलीस तरी आधी कुठल्या दाराला रांग कमी आहे ते विचारशील. त्या बुधवारी संध्याकाळी तो ऑफिसातून आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "अगं, उद्या सुट्टी आहेच, आणि शुक्रवार-सोमवारची रजा मंजूर झाली. जाऊया का कुठेतरी?" मी कुकरखालचा गॅस बंद केला आणि वही घेऊन बसले.

अर्ध्या तासात हैदराबाद ठरलं. मुलीच्या वर्गातली एक मैत्रीण दिवाळीत तिथे जाऊन आली होती आणि तेव्हापासून आमच्या घरात तिथली चित्रनगरी, तिथले पाळणे, बर्फाचं घर यांच्याशिवाय दुसरा विषय नव्हता. मुलगी आठ वर्षांची, त्यामुळे विषय संपायची आशाही नव्हती. नवऱ्याला बिर्याणी खुणावत होती. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, पण उंबऱ्याबाहेर सगळं चालतं, ही आमची लग्नापासूनची तडजोड. मी पाच दिवसांचे रकाने आखले. सकाळी गाडीवरची इडली नाहीतर तुपातला डोसा, मग पार्क, चार वाजता इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं, रात्री बिर्याणी. एका ठिकाणी दोनदा जेवायचं नाही आणि ज्या हॉटेलचं मेनूकार्ड चकचकीत असेल तिथे शिरायचंच नाही, असे दोन नियम नवऱ्याने घातले. मुलीच्या शाळेत पोट दुखतं म्हणून कळवायचं ठरलं. माझी रजा मी फोनवरच टाकली. मोठ्या पाळण्याला उंचीची अट होती, म्हणून मुलगी दाराच्या चौकटीला पाठ लावून सारखी मोजून घेत होती. गुरुवारी दुपारचं विमानही मिळालं. बऱ्याच दिवसांनी तिघंही एकाच गोष्टीसाठी खूश होतो.

तेवढ्यात माझा मोबाईल टिणकला. मीच कधीतरी लावलेली आठवण होती: परवा, काकूकडे बोडण.

काकू म्हणजे माझी सख्खी काकू. कल्याणला असते. मी अकरा वर्षांची असताना आई गेली आणि वडिलांची नोकरी फिरतीची, म्हणून दहावीपर्यंत मी तिच्याकडेच वाढले. वयात आले तेव्हा काय ते मला तिनेच सांगितलं. तिच्या घरात चार दिवस बाजूला बसायची रीत कडक होती, पण त्या चार दिवसांत माझ्या ताटात पहिली गरम पोळी पडायची. पोट शेकायला रबरी पिशवी भरून तीच आणून द्यायची.

तर बोडण. आमच्यात घरात लग्न झालं किंवा मूल जन्माला आलं की बोडण भरतात. चार सवाष्णी आणि एक कुमारिका परातीभोवती बसतात. परातीत देवी ठेवून तिच्यावर दूध, दही, तूप, मध, साखर घालत जायचं आणि सगळ्यांनी हातांनी कालवायचं. कुमारिकेला देवी समजून विचारायचं, पोट भरलं का? ती हो म्हणेपर्यंत थांबायचं नाही. काकूच्या मुलाला लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगा झाला होता. बोडण यथासांग झालं की देवी बाळाच्या पाठीशी उभी राहते, याबद्दल काकूच्या मनात तिळमात्र शंका नाही. आणि कुमारिका म्हणून माझीच मुलगी हवी, हे तिने बाळ पोटात असतानाच सांगून ठेवलं होतं.

दिवस ठरवताना तिने सुनेची आणि फोन करून माझी तारीख विचारून घेतली होती. बोडणाला बसणारी बाई बाजूला बसलेली असून चालत नाही, हे पहिलं कलम. माझी तारीख तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घेतली, सगळ्यांचं जमवलं आणि मग हा शुक्रवार धरला.

मी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? थोडी रागावली असती, मग म्हणाली असती, जा, पोरीला हौस आहे. पण देवीचं सोडून पाळण्यात बसायला निघाली, हे मला तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. म्हणून ज्या कारणाला आमच्याकडे कुणी उलट प्रश्न विचारत नाही, ते कारण मी काढलं.

"काकू, अगं अडचण आली."

"आत्ता? तुझी पुढच्या आठवड्यात ना?"

"हो गं. या वेळी लवकरच आली."

"होतं असं वयाने. असू दे, मी मंगळवार धरते. बाकीच्यांना सांगते मी. तू पोट शेक आणि पडून राहा."

मी फोन ठेवला आणि नवऱ्याला अंगठा दाखवला.

मी स्वतः यातलं काही पाळत नाही. त्या दिवसांत देवापुढे दिवा लावते, लोणच्याच्या बरणीत हात घालते, आणि ऑफिसात कुणी हा विषय काढला तर तावातावाने बोलते. म्हणजे जी गोष्ट मला मान्य नाही, तीच मी सोयीसाठी वापरली, आणि तीसुद्धा जिने ती मनापासून पाळली तिच्याशी. हे मला त्या संध्याकाळी कळलं नाही असं नाही. पण वहीत रकाने भरायचे बाकी होते.

गुरुवारी सकाळी साडेदहाला आम्ही तयार होतो. बॅगा हॉलमध्ये ओळीने उभ्या, टॅक्सी दहा मिनिटांवर. बेल वाजली, मला वाटलं ड्रायव्हर. दारात काकू होती. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई कल्याणहून ठाण्याला नौपाड्यात एकटी आलेली, स्टेशनपासून चालत, आणि आमचे लिफ्ट नसलेले दोन मजले चढून. दोन्ही हातांत पिशव्या.

"सुट्टीचा दिवस, सगळे घरी आणि तू बाजूला," ती धापा टाकत म्हणाली. "म्हटलं जेवणाचं कोण बघणार? तिखटमिठाच्या पुऱ्या आणल्यात, दोन दिवस टिकतील. दाण्याची चटणी आहे. पोरीला गूळपोळ्या. आणि ही घे तुझी रबरी पिशवी, तुझ्याकडे आहे की नाही कोण जाणे."

एवढं बोलून तिने वर पाहिलं. तिला बॅगा दिसल्या.

"आजी!" मुलगी नवी टोपी आणि गॉगल घालून धावत आली. "आम्ही विमानाने हैदराबादला चाललोय! कालच ठरलं! मला मोठ्या पाळण्यात घेणार, माझी उंची एक बोट जास्तच आहे!"

नवरा न्हाणीघरात शिरला आणि त्याने आतून कडी लावली. मी म्हणाले, "काकू, अगं ते एकदम..."

"पाणी दे जरा," ती म्हणाली.

मी स्वयंपाकघरात पळाले आणि पेला भरून आणला. द्यायला हात पुढे केला तेव्हा लक्षात आलं, खरोखर अडचण असती तर मी तिला माझ्या हातचं पाणी दिलं नसतं. निदान तिला तरी दिलं नसतं. तिने पेला माझ्या हातातून घेतला आणि सगळं पाणी प्यायली.

"मंगळवारपर्यंत येता ना?"

"सोमवारी संध्याकाळी."

"मग झालं तर. पुऱ्या विमानात खा." तिने डबे मुलीच्या सॅकमध्ये नीट बसवून दिले. रबरी पिशवी मात्र तिने परत आपल्या पिशवीत ठेवली. आम्ही टॅक्सीने स्टेशनपर्यंत सोडतो म्हटलं तर नको म्हणाली आणि कठड्याला धरून जिना उतरली.

टॅक्सीत बसल्यावर नवरा म्हणाला, "सुटलो बुवा." आणि मी हसले. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटत असेल तर त्या हसण्याची.

हैदराबाद वहीतल्याप्रमाणे पार पडलं. पुऱ्या आम्ही विमानातच संपवल्या. मुलगी मोठ्या पाळण्यात बसली, किंचाळली आणि उतरल्यावर पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली. बर्फाच्या घरात भाड्याचे कोट घालून फोटो काढले. एका गल्लीत गाडीवरच्या इडलीवर पोडीची कोरडी चटणी आणि तूप इतकं घालून दिलं की नवऱ्याने पहिला नियम मोडून दुसऱ्या दिवशी आम्हाला पुन्हा तिथेच नेलं. काकूच्या आठवणीने मला बिर्याणीची चव लागली नाही असं लिहिलं तर बरं दिसेल, पण ते खोटं होईल. मी पोटभर जेवले.

सोमवारी विमानतळावर बसलो असताना पोटात ओळखीची कळ आली. मी प्रसाधनगृहात गेले आणि तिथेच कितीतरी वेळ उभी राहिले. माझी खरी तारीख. काकूने कॅलेंडरवर लिहून घेतलेली. वहीत विमानतळावर किती वाजता पोचायचं इथपर्यंत सगळं होतं, पण ही एक गोष्ट थाप मारताना माझ्या डोक्यातच आली नव्हती.

"सांग की मग फोन करून," नवरा म्हणाला.

"काय सांगू? पुन्हा आली म्हणून? पाच दिवसांत? लांडगा आला रे आला झालंय माझं."

"तू तसंही मानत नाहीस ना? मग जाऊन बस. प्रश्न कुठे आहे?"

त्याचं म्हणणं बिनतोड होतं. म्हणूनच मला त्याचा राग आला.

मंगळवारी आम्ही मायलेकी कल्याणला गेलो. घरभर पुरणाचा वास होता. भावजय, तिची आई आणि शेजारच्या काकी नऊवारी नेसून तयार होत्या. काका गेल्यापासून काकू स्वतः बोडणाला बसत नाही. सगळी तयारी तिची, हात मात्र दुसऱ्यांचे. मला बघून ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "हिची अडचण आली म्हणून थांबले होते, आता सगळं निर्वेध होईल." मग हळदीकुंकवाचं तबक हवं म्हणून मला मागच्या खोलीत घेऊन गेली आणि दार लोटलं.

"माझ्या कॅलेंडरवर तुझी तारीख कालची आहे," ती अगदी हळू म्हणाली. "काही सांगायचंय का? आत्ता सांग. शेजारची सून आहे घरी, मी तिला बसवते. तुझं डोकं दुखतंय म्हणून सांगेन. कुणाला काही कळायचं नाही."

तिने माझ्यासाठी रस्ता करून ठेवला होता. मला फक्त मान हलवायची होती. पण आजची अडचण खरी म्हटलं की बुधवारची खोटी ठरली. ती खोटी होती हे तिला ठाऊक आहे, हे मलाही ठाऊक होतं. तरीसुद्धा ते तोंडाने कबूल करायची माझी हिंमत झाली नाही.

"नाही गं," मी म्हणाले. "बुधवारीच आली होती ना."

तिने माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली. आणि बाहेर येऊन माझा पाट तिने स्वतः मांडला.

मी बसले. दुधात हात घातला. माझी मुलगी परकर-पोलकं घालून ऐटीत बसली होती. शेजारच्या काकींनी विचारलं, "देवी, पोट भरलं का?" तर म्हणाली, "नाही, अजून साखर." सगळ्या हसल्या. काकू बाळाला खांद्यावर घेऊन दाराशी उभी होती, ती हसली नाही. माझ्या हाताने देवी कोपेल असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण माझ्यासाठी त्या परातीत दूध-दही होतं आणि तिच्यासाठी ते बाळ होतं. बोडण बिघडतंय हे माहीत असून तिने चारचौघींत माझी अब्रू राखली. मान खाली घालून मी कालवत राहिले.

महिन्याभराने भावजयीचा फोन आला. "ताई, शुक्रवारी पुन्हा बोडण भरतोय."

"पुन्हा? का गं?"

"आई म्हणतात, मागच्या वेळी काहीतरी राहून गेलं. काय ते सांगतच नाहीत. मी सकाळी येऊन तुमच्या लेकीला घेऊन जाते, संध्याकाळी आणून सोडते."

"आणि मी?"

"तुम्हाला ऑफिस ना. आईच म्हणाल्या, तिला उगाच रजा काढायला लावू नकोस. शेजारच्या काकींची सून बसणार आहे."

शुक्रवारी मी मुलीला न्हाऊ घातलं, वेण्या घातल्या, गजरा माळला. भावजय तिचं बोट धरून घेऊन गेली. मी ऑफिसला गेले नाही. आजारी आहे असं तिथे कळवलं आणि दिवसभर घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले.

संध्याकाळी मुलगी खण-नारळ घेऊन परत आली. या वेळी तिने मधही दोनदा मागितला होता. आजीने तिला मांडीवर घेऊन पुरणपोळी भरवली होती. मी तिच्या मागे बसून वेण्या सोडत होते.

"आई, तू का नाही आलीस?"

ऑफिस होतं, हे उत्तर जिभेवर तयार होतं. "मला बोलावलं नव्हतं," मी म्हणाले.

"का?"

"मी आजीशी खोटं बोलले होते."

ती मागे वळायला लागली. मी वेणी घट्ट धरून ठेवली, कारण तिने माझा चेहरा बघावा असं मला वाटत नव्हतं.

"मग आजीला ते कळलं?"

"हो," मी म्हणाले. "आपण हैदराबादला निघालो त्या दिवसापासून तिला माहीत होतं."